प्लूटोच्या बदामाचा रंग

माझ्या वहिनीला कुणी विचारलं, की तुम्ही काय काम करता, तर ती सांगते, "ग्रह रंगवते." मॉडेल नाही, नमुने नाही, सरळ ग्रह! आणि आवाज असा, की जणू शनीची कडी आत्ताच दोरीवर वाळत घालून आली आहे. बाई मोठी गर्विष्ठ. हे मी नणंद म्हणून बोलत नाहीये, ती स्वतःच सगळ्यांना सांगते. "मला गर्व आहे, आणि तो मी कमावलाय," म्हणते. यावर काय बोलणार, सांगा!

शाळांना आणि प्रदर्शनांना लागणारे गोल बनवायचा आमचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याखालच्या दोन लांब खोल्या. मागच्या खोलीत मी. फायबरची दोन अर्धी टरफलं जोडायची, जोडावर पुट्टी भरायची आणि ती इतकी घासायची, की डोळे मिटून हात फिरवला तरी जोड लागू नये. घरी जाते तेव्हा माझ्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी, वहिनीचं टेबल. तिच्याकडे ब्रश, रंगाच्या बरण्या आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. म्हणजे गोल माझा, रंग तिचा, आणि लोक कौतुक कुणाचं करतात ते तुम्हीच ओळखा.

माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, कारखान्याचा टेम्पो चालवतो. आम्ही तिघं एकाच घरात राहतो. वहिनी मला एरवी "अगं" म्हणते. बिनसलं, की "वन्सं" आणि "तुम्ही" सुरू होतं. मग आपण समजून जायचं आणि भाजी चिरायला घ्यायची.

आमच्याकडे एक पद्धत आहे. रंगवणाऱ्याने आपलं काम आपणच पास करायचं नाही. गोल झाला, की त्याने गोलाकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने तो सावकाश पूर्ण फिरवून बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं "पास" म्हणायचं. पाठ कशासाठी? तर बघणाऱ्याला तोंडाकडे बघून भीड पडू नये म्हणून. मालकांच्या वडिलांनी हे सुरू केलं आणि याला नाव दिलं दुसरी नजर. वहिनीची दुसरी नजर कायम मी. इतक्या वर्षांत मी तिचा एकही गोल अडवला नव्हता. भिडेपोटी नाही हं. मी कुणाची भीड ठेवत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. अडवण्यासारखं काही नसायचंच. तिचा मंगळ बघितला असतात तर हात लावून बोट तांबडं झालं का ते बघितलं असतंत.

तर एक दिवस तारांगणातून एक बाई आल्या. शास्त्रज्ञ, अंगाने बारीक, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. आम्ही लगेच त्यांचं नाव प्लूटोबाई ठेवलं. त्यांच्या नव्या दालनात माणसाएवढा प्लूटो टांगायचा होता, मोटरवर फिरणारा.

"याला ग्रहांच्या यादीतून काढला ना?" वहिनीने विचारलं.

"हो, आता बटुग्रह म्हणतात."

"काढला म्हणून काय रंग उतरला का त्याचा?"

प्लूटोबाई इतक्या हसल्या, की तिथेच दोघींची गट्टी जमली. बाईंनी दोन मोठे फोटो टेबलावर ठेवले. पहिल्यात निळं, केशरी, जांभळं, नुसता गोंधळ, पेटीतले सगळे रंग सांडल्यासारखा. "हे रंग मुद्दाम वाढवलेत," बाई म्हणाल्या, "कुठे काय बदलतं ते आम्हाला कळावं म्हणून. आपण तिथे गेलो, तर डोळ्यांना साधारण हा दिसेल." आणि त्यांनी दुसरा पुढे सरकवला. बिस्किटाच्या रंगाचा एक शांत गोल. वर पिवळसर टोपी, कमरेला काळपट तांबडे डाग, आणि मधोमध एक भलामोठा फिकट बदाम, पत्त्यातल्यासारखा. तो म्हणे गोठलेल्या नायट्रोजनचा बर्फ. आणि तांबडं कशाने? तर तिथल्या मिथेन वायूला ऊन लागतं, तो मोडतो, आणि त्याची तांबूस काजळी खाली बसत राहते. तिथून सूर्य म्हणजे एक ठिणगी, पण तेवढ्या उन्हानेही रंग चढतो! मला हे ऐकून उगाचच भरून आलं.

मला वाटलं, वहिनी भडक फोटो मागेल. तिने फिका उचलला. "भडक काय, कुणीही रंगवेल. फिक्यातला फरक दाखवायला हात लागतो," म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन किती तरी वेळ तो फोटो बघत राहिली.

मालकांनी त्याच दिवशी आम्हाला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या डोक्यात छपाईचं मशीन शिरलं होतं. शाळांचे गोल यापुढे छापून चिकटवायचे. "हा प्लूटो तारांगणाने नावाजला, तर मोठ्या कामांसाठी रंगाचं टेबल ठेवतो," ते म्हणाले. "परत आला, तर खिडकीची जागा मशीनला. स्पष्ट सांगतो, मागून रागावायचं नाही." वहिनीने मान उडवली. "मशीन दुसरीकडे कुठे बसेल ते बघून ठेवा," म्हणाली आणि निघाली. मी मागे थांबून तिच्या वतीने जरा गोड बोलले. हेही माझंच काम.

मी तो गोल जीव ओतून घासला. मग वहिनी कंबर कसून लागली. खालच्या भागावरून तिचं आणि प्लूटोबाईंचं फोनवर चांगलंच वाजलं. फोटो काढणारं यान जवळून गेलं तेव्हा तो भाग अंधारात होता, दिसलाच नाही, म्हणून तिथे सपाट करडा द्या, असं बाईंचं म्हणणं. वहिनी म्हणे, मी अर्धा ग्रह बाहेर सोडत नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "जे कुणी पाहिलं नाही त्याचा रंग तुम्ही कुठून आणणार?" तेव्हा कुठे ऐकलं तिने. करडा मात्र असा लावला, की त्याच्यासमोरही उभं राहावं.

आणि मग तो दिवस आला. वहिनीने हात पुसले, पाठ फिरवली. "हं, बघ."

मी गोल फिरवायला घेतला. टोपी सुरेख. तांबडे डाग तर काय सांगू! विटेचा, गंजाचा, करपलेल्या साखरेचा, सगळे तांबडे एकमेकांत विरलेले. मग बदाम समोर आला आणि माझा हात थांबला. बदामाचा वरचा भाग सायीसारखा, खालचा चुन्यासारखा पांढराफटक, आणि मध्ये आडवी रेघ. एक बरणी संपून दुसरी जिथे सुरू झाली, बरोबर तिथे. आमच्याकडे शिकाऊ मुलींचं होतं ना, तसं.

"काय गं, झोपलीस का?" वहिनी पाठमोरीच म्हणाली.

मी पुन्हा एकदा फिरवून बघितला. रेघ जाईना. मी म्हटलं, "नाही पास."

पुढच्या खोलीतले सगळे हात थांबले. वहिनी वळली. "काय म्हणालात, वन्सं?"

झालं! "बदामात रेघ आहे," मी म्हटलं. तिने वाकून बघितलं, तिरकं होऊन बघितलं, आणि ताठ उभी राहिली. "सकाळी चहात साखर कमी पडली, त्याचा राग प्लूटोवर काढताय होय?"

आता मला सांगा, रेघ काय मला एकटीला दिसत होती? सगळ्यांना दिसत होती. पण वहिनीच्या तोंडी कोण लागणार? पॅकिंगवालीने फोटोकडे बघितलं, गोलाकडे बघितलं आणि पुटपुटली, "फोटोतही तसंच असेल." पलीकडून कुणी तरी म्हणालं, "शेवटी नणंद ना ती!" आणि मालक काय म्हणाले ठाऊक आहे? "घरची भांडणं घरी ठेवा." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे जोड बुजवले, आणि मला जोड दिसत नाही? मी माझा सँडपेपर उचलला आणि मागच्या खोलीत जाऊन एक चंद्र विनाकारण घासत बसले.

घरी अबोला. वहिनी ताट माझ्यापुढे ठेवायची, पण बोलायची भिंतीशी. भाऊ म्हणाला, "तुम्हा दोघींच्या मध्ये मी पडत नाही," आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. त्याचा हात वर गेला तेव्हा माझं लक्ष त्याच्या बाहीकडे गेलं. पांढराशुभ्र शर्ट, आणि बाहीचं बटण पिवळ्या दोऱ्याने शिवलेलं.

"हे बटण कुणी लावलं?" मी विचारलं.

"ही काय, हिने. सकाळी."

पांढऱ्यातले किती पांढरे असतात हे मला जिने शिकवलं, तिने पांढऱ्यावर पिवळा दोरा घातला होता. आळसाने? ती? शक्यच नाही. मी भांडण बिंडण सगळं विसरून तिच्यापाशी गेले. "वहिनी, ऐक ना. डोळे दाखवू या का एकदा?"

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ती भिंतीला म्हणाली. "प्लूटोबाईंनाच बोलवा. त्या सांगतील ते खरं."

बाई आल्या. गोलासमोर उभ्या राहिल्या आणि आधी तांबड्या डागांचंच कौतुक करत सुटल्या. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, की आता बोला! मग बाई बदामाशी आल्या आणि अडखळल्या. "बदामाच्या दोन बाजूंत रंगाचा थोडा फरक आहे खरा," त्या जपून म्हणाल्या, "पण तो डावा-उजवा आहे. तुमचा वर-खाली झालाय. ही रेघ..."

"कुठे?" वहिनी म्हणाली.

"ही, इथून."

"कुठे?"

बाईंनी रेघेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वहिनीने नाक लावून बघितलं. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ती आडमुठेपणा करत नव्हती. तिला खरंच दिसत नव्हतं. माझं खरं ठरलं होतं, सगळ्यांच्या देखत ठरलं होतं, आणि मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं.

वहिनीने ब्रश धुतला. नेहमीसारखा, नीट, केस बोटांनी सारखे करून. "उद्या मी येणार नाही," ती मालकांना म्हणाली. "डॉक्टरकडे जायचंय. तोवर या गोलाला कुणी हात लावला तर बघा."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! डॉक्टर म्हणाले, भिंग पिवळं पडत जातं, पण इतकं हळूहळू, की माणसाला वाटतं जगच असं आहे. साय आणि चुना तिला एकच दिसत होते. दोन्ही डोळे लागोपाठ करून टाकू, असं डॉक्टरांचं म्हणणं. वहिनीने एकच करू दिला. "दुसऱ्याचं काम आहे अजून," म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका, ती माझंही ऐकत नाही."

पट्टी निघाल्यावर भाऊ टेम्पो घराकडे वळवत होता. ही म्हणाली, "कारखान्यात घे." वाटेत काळा चष्मा सरकवून त्याच्या शर्टाकडे बघितलं. "अगंबाई, हा पांढरा आहे? आणि मी पिवळा दोरा लावलाय होय!" मग माझ्याकडे वळली. "तुझे केस एवढे पिकले कधी?" मी म्हटलं, "झाक तो डोळा परत."

कारखान्यात ती सरळ गोलापाशी गेली. सगळे जमले. तिने चष्मा काढला, जुन्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि नव्याने बदाम बघितला. बराच वेळ. मग तिने तळवा काढला आणि वळली, माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे.

"वन्सं बरोबर होत्या," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, "पास" म्हणतात तसं. "ज्यांना ही रेघ दिसली आणि ज्यांनी तोंड उघडलं नाही, त्यांनी लक्षात ठेवा. या कारखान्यात नजर एकच आहे, बाकी सगळे मूग गिळून बसलेत."

इतक्या वर्षांत या बाईने मला बरोबर म्हटलेलं नव्हतं. मिठाच्या अंदाजातसुद्धा नाही. मी काय करणार, नाक शिंकरलं आणि सँडपेपर आणायला गेले.

डॉक्टरांनी धूळ चालणार नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून बदाम मीच खरवडला. ती खोलीबाहेर उभी राहून सूचना देत होती आणि मी उलट उत्तरं देत होते. अबोला सुटला होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तिने नवे रंग कालवले, आणि तेव्हा मला कळलं, दुसऱ्या डोळ्याचं काय काम होतं ते. ती प्रत्येक रंग आधी एका डोळ्याने बघायची, मग तळवा बदलून दुसऱ्याने. "दालनात पोरं येणार," ती म्हणाली, "आणि त्यांना घेऊन त्यांचे आजी-आजोबा येणार. पोरांचा डोळा हा, आजोबांचा हा. दोघांनाही प्लूटोच दिसला पाहिजे." मी आयुष्यात पुष्कळ गर्विष्ठ माणसं पाहिली. असा विचार करणारी गर्विष्ठ मात्र ही एकच.

बदाम झाला. डावीकडे कोमट दुधाची साय, उजवीकडे किंचित थंड, आणि एक कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो ते सांगायची माझी छाती नाही. वहिनीने हात पुसले, पाठ फिरवली.

"इथे नाही," मी म्हटलं.

"आता काय!"

"ही खिडकी तुझी सवयीची आहे. तिथे दिवे वेगळे असणार. टांगल्यावर बघेन, तेव्हाच बोलेन."

मला वाटलं, आता "वन्सं" ऐकू येणार. पण ती म्हणाली, "बरं." गोल खोक्यात गेला. वहिनीने मग दुसरा डोळाही करून घेतला. दोन नव्या डोळ्यांनी तिने प्लूटो पाहिलाच नव्हता.

उद्घाटनाच्या दिवशी ती नव्या चपला घालून, काळा चष्मा लावून, मान खाली घालून दालनात शिरली. माझा दंड इतका घट्ट धरला होता, की बोटं उमटली. कोट घातलेली, अत्तर लावलेली माणसं. आमचे मालक घामाघूम. "खिडकीचं आज ठरेल हं," त्यांनी माझ्या कानात सांगितलं, जसं काही मी विसरले होते. प्लूटोबाईंनी दिवे मंद केले, मोटर सुरू केली, आणि पडदा बाजूला झाला.

सगळे वर बघत होते. आमची वहिनी मात्र वळली आणि गोलाकडे पाठ करून ताठ उभी राहिली. कुजबुज सुरू झाली. एकाला वाटलं, बाई रुसल्या. एकाने खुर्ची आणली, चक्कर आली असेल म्हणून. मी म्हटलं, "त्यांना हात लावू नका. काम चालू आहे."

आणि मी बघायला लागले. मोटर भलती हळू. आधी टोपी, पिवळी, पण अंधारात उबदार. तांबडे डाग आले, आणि त्या दिव्यांत ते आमच्या खिडकीपेक्षाही खोल दिसले, खरंच कुणी तरी युगानुयुगं काजळी धरल्यासारखे. त्याखाली करडा, ज्याला कुणी पाहिलं नाही तो, आणि लोक त्याच्यासमोरही उभे राहिले. मग बदाम. मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. रेघ शोधली. मनापासून शोधली, कारण नसती शोधली तर तिच्या पाठीला काय अर्थ होता? समोर एक पोर आजोबांच्या खांद्यावर बसलं होतं आणि दोघं एकदमच "बदाम!" म्हणाले. रेघ नव्हती. कुठेही नव्हती. गोलाची फेरी पूर्ण झाली. वहिनी अजून पाठ करूनच उभी होती.

"पास!" मी ओरडले. इतक्या जोरात, की दालन घुमलं आणि खुर्चीवाला दचकला.

वहिनी वळली. चष्मा काढला. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने आपला प्लूटो बघितला, पूर्ण एक फेरी, आणि डोळे वाहायला लागले तरी पुसले नाहीत. मालक प्लूटोबाईंना विचारत होते, "मग पुढचा कुठला म्हणालात? टेबल मोकळंच आहे आमचं." ते ऐकून तिने मान अशी उडवली, की मला खात्री पटली, वहिनी आमची परत आली.

मग ती माझ्या दंडाला धरून जवळ आली आणि म्हणाली, "एवढं ओरडायला काय झालं गं? डोळे गेले होते माझे, कान नाही."